अकरावीचं इक्विलिब्रियम: एक्सेल की बादली?

डिचोलीचा मास्तर
रसायनशास्त्रात ‘समतोल’ (इक्विलिब्रियम) म्हटलं की पोरांपुढे तराजू उभा राहतो आणि दोन्हीकडचं प्रमाण सारखंच, असं लिहून ती मोकळी होतात. म्हणून यंदा एक्सेलची शीट केली. ‘अ’ हा पदार्थ १००, त्यापासून होणारा आणि उलटा परतणारा ‘ब’ शून्य. दर ओळीला ‘अ’चा ०.२ वाटा ‘ब’कडे जातो, ‘ब’चा ०.१ वाटा परत येतो. ८०-२०, मग ६६-३४, असं करत करत गाडी ३३.३-६६.७ वर ठरते. तरी दर ओळीला ६.६७ जातायत आणि ६.६७ येतायत! शून्य-१०० पासून सुरू करा, मुक्काम तोच. मध्येच ‘अ’त ३० वाढवले तर ४३.३-८६.७, म्हणजे पुन्हा दुप्पटच. माझं म्हणणं, सगळ्या हायर सेकंडरींत हा धडा असाच घ्यावा.

फोंडेकर
सर, याला दोन बादल्या पुरतात. एकीत तांब्या बुडवायचा, दुसरीत वाटी, दोन्ही तळाला टेकवून, आणि एकमेकींत ओतत राहायचं. थोड्या वेळानं पातळ्या हलत नाहीत, आणि सारख्याही नसतात. शीट काय, तुम्ही सूत्रात जे घातलं तेच ओकते.

लॅबवाली, मडगाव
आणि रंगाचं काय? फेरिक नायट्रेटमध्ये थायोसायनेटचे थेंब पडले की लालभडक, वर ऑक्झॅलिक आम्ल घातलं की फिकं. ल शातेलिएचा नियम, म्हणजे समतोलात ढवळाढवळ केली की तो तिला विरोध करत सरकतो, तिथं दिसतो. शीटच्या रकान्यात नाही.

डिचोलीचा मास्तर
फिकं झालं हे दिसतं हो, किती झालं ते कोण सांगणार? आणि ऐका. एकानं ०.२ च्या जागी २ टाकलं, दुसऱ्याच ओळीत ‘अ’ वजा १००. “सर, उसने काढले?” अख्खा वर्ग हसला. मग एका ओळीत, म्हणजे एका क्षणात, आहे त्याच्या दुप्पट कसं जाईल, यावर अर्धा तास वाद. बादलीत हा प्रश्न निघाला असता?

फोंडेकर
नसता, कारण बादलीत वजा पाणी नसतं. ती चूक शीटची, रसायनाची नव्हे.

पेडण्याची आई
पावसात आमच्याकडे वीज टिकत नाही. लेक मोबाइलवर शीट उघडते, तर अर्धे रकाने बाहेर. शिवाय पेपर हातानंच सोडवायचाय. हायड्रोजन-आयोडीनचं ते ७०० केल्व्हिनचं, के (समतोल स्थिरांक) ५४.८ वालं गणित तिला कालपासून सुटेना. ते कोण शिकवणार?

डिचोलीचा मास्तर
दोन्ही वायू एकेक मोल प्रति लिटर घेतले असतील तर केचं वर्गमूळ काढायला सांगा, ७.४ येईल. एक्स म्हणजे प्रत्येक वायूचे खर्ची पडलेले मोल. २एक्स भागिले (१ वजा एक्स) बरोबर ७.४. एक्स ०.७९ च्या आसपास. कागदावरच करू दे, शीट नको.

फोंडेकर
बघा, आले ना कागदावर!

लॅबवाली, मडगाव
बादल्यांचा तास घेतलात तर लादी कोण पुसणार तेही ठरवा. मागच्या वेळी मीच पुसली.