शाळेतलं जमलं, पुढं कसं निभावलं? नागपूरकरांनो, लिहा

धरमपेठची मावशी

माझी भाची यंदा बारावीत आहे. वर्गातल्या एका मुलाचं प्रकरण घरी कळलं आणि आठवडाभर ताईच्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नाही. ताई सल्ला मागते मला. माझं लग्न कांदेपोह्यांचं, मी काय सांगणार कप्पाळ! म्हणून ज्यांचं आठवी-दहावीत जमलं आणि लग्नापर्यंत गेलं, किंवा नाही गेलं, त्यांनी लिहा. 'प्रेम खरं असलं की सगळं होतं' हे कृपया नको. मधल्या वर्षांत काय केलंत ते हवं. शाळेचं, माणसांचं नाव टाकू नका. नागपूर लहान आहे.

महालची

आमचं १९९१च्या दहावीतलं. पुढे तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, मी इथेच बीएस्सीला. आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या काकूंकडे होता, म्हणजे नसल्यासारखाच. पत्रं मैत्रिणीच्या पत्त्यावर यायची. रविवारी तिच्याकडे 'अभ्यासाला' जायचं आणि तो एसटीडी बूथवरून फोन लावायचा. त्याच्या डोळ्यांसमोर मीटरचे लाल आकडे पळत असायचे, म्हणून तो कामाचं आधी उरकायचा. मी मात्र 'मेसमध्ये भाजी काय होती' विचारत बसायचे.

हे सगळं निभलं. घोडं अडलं वयाशी. दोघं एकाच वर्गातले, म्हणजे एकाच वयाचे. माझं बीएस्सी संपलं तशी घरात स्थळं यायला लागली, तेव्हा त्याचा शेवटच्या वर्षाचा निकालही लागायचा होता. वर्गातल्या मुलाशी जमलं की हे ठरलेलंच. मी काय केलं, तर शिकत राहिले. एमएस्सी, मग बीएड. आई कौतुकानं सांगायची, पोरीला शिक्षणाची भारी हौस. बीएड कशापायी केलं हे तिला लग्नानंतर कळलं. आता त्याच बीएडवर शाळेत शिकवते.

मानेवाड्याचा पोट्टा

आमचं नाही टिकलं बाप्पा. दहावी झाली, मी जेईईच्या क्लासले लागलो, ते कॉमर्सले गेली. कोणी कोणाले सोडलं नाही. सकाळी सोबत सायकलनं जाणं बंद झालं अन् मंग सारंच बंद झालं. लय खराब वाटलं तवा. मंग टेस्ट सिरीज सुरू झाली. आता तिच्या नवऱ्याची अन् माझी चांगली ओयख हाय, भेटलो का तर्री पोहे खातो. काही बिघडलं नाही कोणाचं.

बर्डीची वकील

मावशी, अनुभव वाचा, पण आधी हे ताईंच्या कानावर घाला. भाची अठराच्या आत असेल तर २०१२च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, तिच्या संमतीला किंमत नाही. रागाच्या भरात पोलिसांत गेलात तर त्या मुलाचं करिअर पणाला लागतं, आणि राग उतरल्यावर 'आम्हाला पुढे न्यायचं नाही' म्हटल्यानं प्रकरण आपोआप मिटत नाही.

लग्नाचं वय मुलीला १८, मुलाला २१. म्हणजे वर्गमित्र असतील तर थांबणं आलंच. विशेष विवाह कायद्यानं (१९५४) करायचं झालं तर नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लागते, तीस दिवस थांबायचं आणि लग्नाला तीन साक्षीदार. गुपचूप करायला निघालेल्यांचं बिंग याच तीस दिवसांत फुटतं.

नंदनवन

महालच्या ताईंचं सोळा आणे खरं. समवयस्क असणं हीच मेख. आमची तर जातही वेगळी. पण मी लपवलं नाही. बीकॉमच्या पहिल्याच वर्षी बाबांना सांगून टाकलं. त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला.

"पोरगा करते काय?"

"शिकते."

"मंग कमावते झाल्यावर आण."

आई बरेच दिवस पोळी वाढायची पण बोलायची नाही. तरी सांगितल्याचा फायदा असा की स्थळ आलं की बाबाच 'शिकून राहिली ना अजून' म्हणून वाटेला लावायचे. त्याला मिहानमध्ये नोकरी लागल्यावर रीतसर बघण्याचा कार्यक्रम झाला. सगळ्यांना सगळं माहीत असूनही मला ट्रे घेऊन यायला लावलं, आणि त्याच्या आत्यानं विचारलं, "मुलाला काही विचारायचं असेल तर विचार हो."

हिंजवडीत अडकलेला

दहावी २०१६. जिओ त्याच वर्षी आलं, त्यामुळे बॅलन्स संपणं वगैरे आम्हाला माहीत नाही. आमची अडचण उलटी, दिवसभर बोलणं. मी पुण्यात, ती नागपुरात मेडिकलला. 'ऑनलाइन होता ना, मग रिप्लाय काऊन नाही' यावर रात्र जायची. लास्ट सीन बंद केलं तर त्यावरून नवीन भांडण. शेवटी तिनंच ठरवलं, ड्युटीच्या वेळात मेसेज नाही, रात्री एक फोन. मला फार लागलं होतं तेव्हा. पण ती दमून येते आणि मी हिशेब मागत बसतो, हे तिला चालणार नव्हतं आणि बरोबरच होतं.

दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले तोंडाला येईल ते भाडं सांगतात, गरीब रथचं वेटिंग हलत नाही. तरी येतो. फुटाळ्यावर बसून भाजलेलं कणीस खायचं आणि तिच्या आईचा फोन आला की उठायचं. लग्न तिच्या पीजीनंतर, त्यामुळे 'टिकलं' असं आताच लिहीत नाही.

धरमपेठची मावशी

महालच्या ताई, लग्नानंतर फरक पडतो का हो? शाळेपासून ओळखत असल्याचा?

महालची

पडतो ना. एकमेकांच्या घरची भांडणं लहानपणापासून ठाऊक, त्यामुळे सासरी धक्के कमी बसले. पण दहावीतला मुलगा डोक्यात ठेवून पन्नाशीतल्या माणसाशी संसार करता येत नाही. तो बदललाय, मीही बदललेय, वजनं तर विचारूच नका. आणि तोटा म्हणजे मित्रमैत्रिणी सामाईक. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दुपारी आमचं वाजलं की संध्याकाळपर्यंत सगळा वर्ग चौकशीला हजर, आणि ज्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पत्रं यायची ती दर वेळी त्याच्याच बाजूनं.