अनुभव धागा: कोजी याकुशोचं काम पाहायचं तर कुठून आणि कसं?

‘परफेक्ट डेज’ हा सिनेमा पाहिल्यावर पुष्कळांचा एकच प्रश्न असतो: त्यातल्या नायकाचं, म्हणजे जपानी नट कोजी याकुशोचं, आणखी काय पाहू? ज्यांनी त्याचं काम बारकाईने पाहिलं आहे त्यांनी इथे लिहावं. कोणती आवृत्ती, कोणता क्रम, नजर कुठे ठेवायची ते सांगा. नुसतं ‘आवडला’ नको.

प्रतिसाद १

आधी पाया. जन्म १ जानेवारी १९५६, नागासाकी प्रांतातलं इसाहाया. टोकियोच्या चियोदा प्रभागाच्या कचेरीत नोकरी करत असताना त्याने प्रसिद्ध जपानी नट तात्सुया नाकादाई यांनी काम केलेलं, रशियन लेखक गॉर्कीचं नाटक पाहिलं. १९७८ मध्ये नाकादाई आणि त्यांच्या पत्नी यासुको मियाझाकी यांच्या ‘मुमेइजुकु’ या नाट्यशाळेत त्याची निवड झाली. ‘याकुशो’ म्हणजे सरकारी कचेरी. हे आडनाव नाकादाईंनीच त्याला दिलं.

हे सांगायचं कारण, त्याचा अभिनय चेहऱ्यापासून सुरू होत नाही. आधी पात्राचा कामधंदा त्याच्या हातापायांत येतो. न्हावी, बसचालक, पोलीस, संडास साफ करणारा, कोणीही असो, आधी हात पाहा.

प्रतिसाद २

टीव्हीचा भाग बहुतेक लोक गाळतात. तसं करू नका, जपानात तो घराघरांत पोचला तो टीव्हीमुळेच. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीची ‘ताइगा’ ही ऐतिहासिक मालिका दर रविवारी संध्याकाळी, साधारण वर्षभर चालते. १९८३ च्या ‘तोकुगावा इएयासु’मध्ये तो सोळाव्या शतकातला सरदार ओदा नोबुनागा झाला, पुढच्याच वर्षी ‘मियामोतो मुसाशी’त नायक. १९८७ पासून ‘सानबिकी गा किरु!’ ही तलवारबाजीची मालिका. नंतरच्या सिनेमांतली त्याची तलवारीवरची पकड या वर्षांतली आहे.

अलीकडचं पाहायचं तर २०१७ ची ‘रिकुओ’. ग्योदा गावातला, पारंपरिक ताबी मोजे शिवणारा जुना कारखाना धावण्याचे बूट बनवायला निघतो. मधूनच एखादा भाग पाहिला तर काही हाती लागत नाही, कारण बुटाच्या तळव्याचं साहित्य, कर्ज आणि धावपटू हे धागे एकमेकांत अडकलेले आहेत. पहिल्या भागापासूनच पाहा. ‘इदातेन’मध्ये (२०१९) तो जुदोचे जनक कानो जिगोरो आहे. ‘द डेज’ या २०११ च्या अणुदुर्घटनेवरच्या मालिकेत (२०२३) तो फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राचा प्रमुख मासाओ योशिदा आहे. यात तो बराच वेळ एका खोलीत बसून फोनवर बोलतो आणि सगळा ताण आवाजावर पेलतो. म्हणून डब केलेली आवृत्ती नको. मूळ जपानी आवाज आणि उपशीर्षकं लावा.

प्रतिसाद ३

आवृत्त्यांबद्दल, कारण गोंधळ इथेच होतो.

मासायुकी सुओंचा ‘शॅल वी डान्स?’ (१९९६) मूळ १३६ मिनिटांचा आहे. अमेरिकेत दाखवलेली प्रत कापून दोन तासांच्या आत आणली होती. लांबी १३६ च्या जवळ नसेल तर ती प्रत सोडा. रिचर्ड गिअरचा २००४ चा सिनेमा हा रिमेक आहे, शोधताना तोच आधी समोर येतो. मूळ सिनेमात याकुशो कचेरीतल्या टेबलाखाली पावलं घोटतो. वर चेहरा कारकुनाचा, खाली पाय वेगळ्याच माणसाचे.

शोहेइ इमामुरांच्या ‘उनागी’च्या (१९९७) दोन लांब्या आहेत, ११७ आणि १३४ मिनिटं. पहिल्यांदा ११७ ची पुरे. कान चित्रपट महोत्सवात त्याला इराणी दिग्दर्शक किआरोस्तामींच्या ‘टेस्ट ऑफ चेरी’बरोबर विभागून पाल्म दोर, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक, मिळालं.

ताकाशी मिइकेचा ‘थर्टीन असॅसिन्स’ (२०१०) जपानात १४१ मिनिटांचा होता, बाहेर सुमारे १२५ चा. शेवटची लढाई छोट्या प्रतीतही भरपूर आहे, त्यामुळे इथे मी फार अडून बसणार नाही.

प्रतिसाद ४

‘क्युअर’ (१९९७, कियोशी कुरोसावा) हा माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा सिनेमा, आणि तो चुकीच्या रीतीने पाहिला जातो. खुनी कोण हे लवकरच कळतं, त्यामुळे रहस्यपट समजून बसलेला माणूस अर्ध्यावर कंटाळतो. लक्ष ठेवायचं ते याकुशोने केलेल्या ताकाबे या पोलिसावर. घरी रिकामं चालू असलेलं वॉशिंग मशीन तो बंद करतो ती हालचाल पाहा. एकाच रेस्टॉरंटमध्ये तो दोनदा जेवायला बसतो, दोन्ही वेळा त्याच्या ताटाकडे पाहा. सिनेमाचा अर्थ त्या दोन ताटांत आहे. संगीत जवळपास नाहीच, मागे बारीक घरघर असते. हेडफोन लावा.

‘युरेका’ (२०००, शिंजी आओयामा) २१७ मिनिटांचा, सेपिया रंगातला. फोनवर अजिबात नको, माणसं दूरवर लहानशी दिसतात आणि सगळं तिथेच घडतं.

प्रतिसाद ५

‘परफेक्ट डेज’बद्दल थोडं. चित्रीकरण जेमतेम अडीच आठवड्यांत उरकलं. चौकट जुन्या टीव्हीसारखी, जवळपास चौकोनी आहे. कडेच्या काळ्या पट्ट्या घालवायला टीव्हीची झूम सोय लावली तर डोकी आणि हात कापले जातात. संडास साफ करणारा हिरायामा (याकुशो) संडासाच्या भांड्याच्या कडेखाली छोटा आरसा धरून तपासतो, त्या एका कृतीत अख्खा माणूस कळतो. श्रेयनामावली संपल्यावर एक मजकूर येतो, त्याआधी बंद करू नका. या भूमिकेसाठी २०२३ मध्ये कानला उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्याला मिळाला. त्याआधी तो मिळालेला एकमेव जपानी म्हणजे २००४ चा युया यागिरा.

प्रतिसाद ६

क्रम माझा असा: ‘शॅल वी डान्स?’, ‘उनागी’, ‘क्युअर’, मग थेट ‘द ब्लड ऑफ वुल्व्ह्ज’ (२०१८). यात तो हिरोशिमाच्या बोलीत दमदाटी करतो. उपशीर्षकांत ती बोली सपाट होते, म्हणून वाक्याचा शेवट कानाने ऐका. लगेच त्यापाठोपाठ मिवा निशिकावांचा ‘अंडर द ओपन स्काय’ घ्या: तुरुंगातून सुटलेला माजी याकुझा (जपानी गुंडटोळीतला माणूस), राग तोच, पण आता तो गिळायचा आहे. हे दोन्ही पाठोपाठ पाहिले की त्याचा आवाका कळतो.

कोरे-एदांचा ‘द थर्ड मर्डर’ (२०१७) मात्र रात्री, खोलीतले दिवे घालवून पाहा. भेटीच्या खोलीतल्या काचेत वकिलाचा चेहरा आणि कैद्याचा (याकुशोचा) चेहरा एकमेकांवर सरकतात. पडद्यावर खोलीतला उजेड पडत असेल तर ते दिसतच नाही.