पोलंडमधल्या माजी सैनिकांच्या संघटना राजकारणात शिरल्या कशा?

फोंडा_वाचनकट्टा
फोंड्यात आमच्या वाचनकट्ट्यावर दोन महायुद्धांमधल्या पोलंडवर वीस मिनिटं बोलायचं आहे. गोव्यात स्वातंत्र्यसैनिकांची संघटना म्हटली की मानधन, सन्मानपत्र, स्मारक हेच डोळ्यांपुढे येतं. तिथे मात्र अशा संघटनांतून पंतप्रधान निघाले. कसे? पिल्सुद्स्की म्हणजे तेव्हाचे तिथले लष्करी नेते, पण "पिल्सुद्स्कीचे सैनिक होते म्हणून" एवढ्यावर श्रोत्यांचं समाधान होणार नाही.

मांडवीकाठ
मुळात सगळे माजी सैनिक पिल्सुद्स्कीचे नव्हतेच. १९१८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा पोलिश माणसं ऑस्ट्रिया, जर्मनी, रशिया अशा तीन सैन्यांत लढून आली होती. फ्रान्समध्ये उभं राहिलेलं जनरल हालर यांचं निळ्या गणवेशातलं सैन्य आणखी वेगळं. हालरवाल्यांच्या संघटनेचा ओढा पिल्सुद्स्कीविरोधी राष्ट्रवाद्यांकडे होता. युद्धात अपंग झालेल्यांची संघटना तर निवृत्तिवेतनासाठी झगडत होती.

लिजनवाले, म्हणजे पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या बाजूने लढलेल्या पोलिश लिजन तुकड्यांतले पिल्सुद्स्कींचे सैनिक, या सगळ्यांत थोडे, पण घट्ट बांधलेले. त्यांची संघटना १९२२ मध्ये क्राकूव्हला स्थापन झाली. दर ऑगस्टमध्ये मेळावा भरे, कारण ६ ऑगस्ट १९१४ ला त्यांची पहिली तुकडी क्राकूव्हच्या ओलेआंद्रीतून निघाली होती. १९२३ मध्ये पिल्सुद्स्की पदं सोडून वॉर्साजवळच्या सुलेयुवेकला जाऊन राहिले, तेव्हा याच मेळाव्यांनी त्यांना व्यासपीठ दिलं. उत्तराची सुरुवात इथून करा, १९२६ च्या उठावापासून नको.

डिचोलीवाला
मे १९२६ मध्ये पिल्सुद्स्कींनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली, त्यानंतर चित्र पालटलं. विखुरलेल्या संघटना एका महासंघाखाली आणल्या गेल्या. प्रमुख जनरल गुरेत्स्की, आणि हेच गृहस्थ सरकारी विकास बँकेचेही अध्यक्ष! निवडणुकीसाठी पिल्सुद्स्कींचे निकटचे सहकारी स्वावेक यांनी सरकारधार्जिणा गट बांधला. १९३० मध्ये त्याला सेयमच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, ४४४ पैकी २४७ जागा मिळाल्या, पण त्याआधी विरोधी नेत्यांना ब्रेस्टच्या किल्ल्यात डांबलं होतं, हे सांगितल्याशिवाय तो आकडा देऊ नका. स्वावेक स्वतः जुने लिजनवाले, लिजन संघटनेचे प्रमुख आणि तीनदा पंतप्रधान. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका माणसात सापडतं. मात्र हा गट म्हणजे माजी सैनिकांचा पक्ष, असं म्हणू नका. त्यात जमीनदार होते, कारखानदार होते, अल्पसंख्याकांचे प्रतिनिधीही होते.

खरी मेख १९३५ च्या सिनेट कायद्यात आहे. ९६ पैकी ३२ सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमणार. उरलेल्या ६४ ची निवड थेट नव्हे, पायऱ्यांनी; पहिल्या पायरीवर मत कुणाला? तिशी ओलांडलेल्या आणि शिक्षण, लोकांनी सोपवलेलं पद किंवा राष्ट्रसेवा यांपैकी काहीतरी असलेल्यांनाच. राष्ट्रसेवा मोजायची पदकांवर, उदाहरणार्थ युद्धातल्या शौर्याचं विर्तुती मिलितारी, किंवा १९३० मध्ये सुरू केलेला स्वातंत्र्य क्रॉस. छातीवरचं पदक म्हणजे मतदानाचा हक्क! लढलेल्यांचा मान राखणं रास्तच, पण त्यापायी सामान्य मतदाराला सिनेटच्या दारातच अडवणं हा उघड अन्याय होता.

मांडवीकाठ
१९३५ वर थांबलात तर सगळं सुरळीत चाललं असा समज होईल. त्याच सप्टेंबरच्या सेयम निवडणुकीत निम्म्याहून कमी लोकांनी मतदान केलं. पिल्सुद्स्की मे महिन्यातच वारले होते. शरद ऋतूत स्वावेक यांनी स्वतःचा गट विसर्जित केला. १९३६ मध्ये लिजन संघटनेची सूत्रं त्यांच्याकडून आदाम कोत्स यांच्याकडे गेली, आणि सैन्याचे प्रमुख रिद्झ-श्मिग्वी यांच्या पाठबळावर कोत्स यांनी फेब्रुवारी १९३७ मध्ये नवी राजकीय छावणी उभारली. म्हणजे शेवटची झुंज लिजनवाल्यांची आपसातच. हालर तोवर जनरल सिकोर्स्की आणि माजी पंतप्रधान पाडेरेव्स्की यांच्यासोबत विरोधी आघाडीत गेले होते.

वीस मिनिटांत १९२२, १९२६, १९३५ आणि १९३६ एवढे चार टप्पे बसतील. सर्वाधिक वेळ सिनेट कायद्याला द्या आणि पदकांची यादी फळ्यावर लिहा.