कार्बन-१४ ची हाफ लाइफ ५७३० वर्षं, मग बॉम्बचा कार्बन ५० वर्षांत गेला कुठे?

मुलुंड_पूर्व
नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. परवा वर्गात एक ग्राफ दाखवला, १९५५ पासून हवेतला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, वर वर जातो, १९६३-६४ ला उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट होतो आणि मग सरळ उतार. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे वाढला हे मुलांना पटलं, पण मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं की मॅडम हाफ लाइफ, म्हणजे निम्मा व्हायला लागणारा काळ, ५७३० वर्षं ना, मग हा एवढ्यात कसा संपला? मी तिथेच फळ्यावर गणित केलं तर ५० वर्षांत जेमतेम ०.६ टक्के कमी व्हायला हवा. उद्या सांगते म्हणून वेळ मागून घेतलाय. आणि कार्बन सायकल समजायला याचा नक्की काय उपयोग होतो, तेही कोणी नीट सांगेल का?

खाडीकाठ
ताई, आधी त्या मुलीला शाबासकी द्या, अगदी मुळावर बोट ठेवलंय तिनं. तो संपला नाही, हवेतून दुसरीकडे गेला. समुद्रात, झाडांत, मातीत. तो किती वेगानं गेला ते मोजलं की हवा आणि समुद्र यांच्यात दरवर्षी किती कार्बनची ये-जा होते ते कळतं. १९५७ मध्ये रिव्हेल आणि स्यूस या शास्त्रज्ञांनी नैसर्गिक कार्बन-१४ वरून हिशोब मांडला होता की सीओटूचा रेणू हवेत सरासरी १० एक वर्षं राहतो आणि समुद्रात जातो. बॉम्बमुळे अख्ख्या हवेत जणू शाई पडली आणि ती कुठे कुठे पसरते ते बघता आलं.

आणि यातलं एक सुंदर काम आपल्या दारातलं आहे. ठाण्याजवळचा एक साग आणि कच्छच्या आखातातलं ४० वर्षांचं प्रवाळ, दोघांचे वर्षावर्षाचे थर वेगळे करून अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीनं कार्बन-१४ मोजला, १९९४ मध्ये छापून आलंय. साग म्हणजे हवेची नोंदवही, प्रवाळ म्हणजे समुद्राची. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी काढलं की तिथे समुद्राच्या एका चौरस मीटरवरून वर्षाला ११-१२ मोल, म्हणजे साधारण अर्धा किलो सीओटूची देवाणघेवाण होते. सागात शिखर १९६४ ला आलं, पण ठरलेल्या प्रमाण पातळीपेक्षा ६३ टक्केच जास्त, उत्तर गोलार्धात तर सरासरी १०० च्या आसपास होतं. आपला साग वाढतो पावसाळ्यात आणि तेव्हाचा वारा विषुववृत्ताच्या खालून अरबी समुद्रावरून येतो, तिकडे बॉम्बचा कार्बन कमी होता. मला तर हे वाचून मान्सून लाकडात दिसल्यासारखं वाटलं!

वखारीतला
आमची रे रोडला लाकडाची वखार होती म्हणून थोडं सांगतो. सागाचा आडवा काप रंधा मारून ओला केला की वर्तुळं स्पष्ट दिसतात, वाढ सुरू होताना पडलेली मोठी मोठी छिद्रं एका ओळीत आणि पुढे दाट लाकूड, मग कोरड्या दिवसांत पानं झडतात नि वाढ थांबते. त्या त्या वर्षी बनलेलं लाकूड पुढे बदलत नाही, म्हणून १९६४ च्या वर्तुळात १९६४ चीच हवा. वर्गात एखादा काप घेऊन जा ताई, कुठल्याही सुताराकडे मिळेल, मुलं बोटानं मोजतील.

अंधेरीचा_अमोल
एक शंका. समुद्रानं बॉम्बचा कार्बन एवढ्या पटकन घेतला तर आपण जाळतो तो पण घेईलच ना, मग एवढी काळजी कशाला?

खाडीकाठ
अमोल, हा गोंधळ फार जणांचा होतो म्हणून सविस्तर लिहितो. वडापावच्या गाडीवर तू खूण केलेली दहाची नोट दिलीस, ती तासाभरात सुट्टे म्हणून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे गेली, म्हणून गल्ला रिकामा झाला का? नाही, ती गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. बॉम्बचा कार्बन ही खुणेची नोट. समुद्र एक रेणू घेतो तसा दुसरा परतही देतो, तेव्हा खूण पटकन पुसली जाते, पण हवेतला जास्तीचा सीओटू त्या वेगानं कमी होत नाही. त्यासाठी कार्बन खोल पाण्यात उतरावा लागतो आणि ते फार संथ काम आहे, उत्तर पॅसिफिकच्या तळाच्या पाण्यानं हवा बघून हजाराच्या वर वर्षं झालीयेत, आणि हेही कार्बन-१४ नंच कळलं.

शिवाय कोळसा-पेट्रोल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यात कार्बन-१४ शून्य. ते जाळलं की हवेतला कार्बन-१४ पातळ होत जातो, याला स्यूस इफेक्ट म्हणतात. ग्राफचा अलीकडचा उतार मुख्यतः त्याचाच आहे.

मुलुंड_पूर्व
खूप खूप आभार, नोटेचं उदाहरण उद्या वर्गात तसंच सांगणार. मग हायवेच्या कडेचं गवत आणि माथेरानचं गवत यांत फरक दिसेल का?

खाडीकाठ
दिसायला हवा. हवेत सीओटू ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) धरा, त्यात इंधनाचे ४ पीपीएम जास्त असले तर कार्बन-१४ जवळपास १ टक्का घसरतो आणि आजची यंत्रं हजारात २-३ चा फरक पकडतात, नमुन्यातला मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. फक्त गवत एकाच पावसाळ्यातलं घ्या, आणि अणुभट्टीजवळचं नको, तिथून थोडा कार्बन-१४ बाहेर पडतो. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरला असं यंत्र आहे, त्या मुलीलाच पत्र लिहायला सांगा.