मडी वॉटर्सचं स्लाइड: सूर का उतरतो

प्रश्न आलाय की अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सचं 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' गिटारवर वाजवताना स्लाइडचा (बोटात घालून तारांवरून सरकवायच्या नळीचा) सूर सारखा उतरलेला का लागतो. आधी ट्यूनिंग बघा. १९४८ चं ते रेकॉर्डिंग ओपन जी मधलं आहे, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजते: सहावी तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी; बाकी तीन तशाच. तारा ढिल्या झाल्या की स्लाइडखाली दबून फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) खडखडतात, म्हणून पहिली तार निदान ०.०१२ इंचाची घ्या.

बोटाने वाजवताना आपण फ्रेटच्या मागे दाबतो. तीच सवय इथे नडते. स्लाइड फ्रेटपट्टीच्या बरोब्बर वर यायला हवं, आणि दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. मडी ते करंगळीत घालायचा. मागची बोटं तारांवर अलगद ठेवा, नाहीतर मागचा तुकडाही गुणगुणतो.

खरी गंमत मात्र गंधारात आहे. जी हा षड्ज धरला तर हा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये लागतो: तिसऱ्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटच्या किंचित पुढे. ट्यूनर लावून तो 'सुधारलात' तर सगळी चव गेली!

१९४१ मध्ये मिसिसिपीतल्या स्टोव्हल मळ्यावर लोकसंगीत गोळा करणाऱ्या अॅलन लोमॅक्सने ध्वनिमुद्रित केलेलं 'आय बीज ट्रबल्ड' हे याच गाण्याचं आधीचं रूप. दोन्ही लागोपाठ ऐकाच. १९४३ मध्ये मडी शिकागोला गेला. नंतरच्या रूपात गिटार इलेक्ट्रिक आहे आणि जोडीला बिग क्रॉफर्डचा बेस.