मदत हवी आहे: फिटची गोळी मेंदूतल्या पेशींना चेतवणारं ग्लुटामेट आणि शांत करणारं गाबा दोन्ही अडवते, मग फिट थांबते कशी?

भावाला लेव्हेटिरासिटॅम ही फिटची गोळी सुरू झाल्यापासून मी वाचत सुटलेय. (उपचार डॉक्टर बघतायत, गोळी लागूही पडलीय. सल्ला नकोय, डोक्यातला गुंता तेवढा सोडवा.)

फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही जुनी औषधं समजली. ती चेतापेशीच्या सोडियम वाहिन्या (सोडियम आत सोडणारी दारं) धरतात, आणि पेशी धडाधड संदेश सोडायला लागली की पकड आणखी घट्ट होते. टोकापर्यंत संदेशच कमी पोचले, तर तिथून ग्लुटामेटही कमीच सुटणार. गाबापेंटिनने मात्र मला दोन दिवस फसवलं! नावात गाबा, पण गाबाच्या रिसेप्टरशी (गाबा जिथे चिकटतं त्या जागेशी) त्याचा संबंध नाही. ते चिकटतं कॅल्शियम वाहिनीच्या अल्फा-२-डेल्टा भागाला.

लेव्हेटिरासिटॅमची तऱ्हा वेगळीच. न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे ग्लुटामेट-गाबासारखी निरोप नेणारी रसायनं, ज्या इवल्या पिशव्यांत भरलेले असतात, त्या पुटिकांवरच्या एसव्ही२ए नावाच्या प्रथिनाला ते चिकटतं. अमेरिकेत मंजुरी १९९९ ला, आणि ती याच प्रथिनाला चिकटते हे कळलं २००४ ला. म्हणजे गोळी आधी, कारण मागाहून.

आता अडलंय ते इथे. एसव्ही२ए ग्लुटामेटच्या पुटिकांवरही असतं आणि गाबाच्याही. जाळ कमी केला तसं पाणीही कमी केलं, मग आग विझली कशी? शिवाय ज्या उंदरांत हे प्रथिन मुळातच बनू दिलं नाही, त्यांना जोरदार फिट येऊन ते दोन-तीन आठवड्यांत मेले. या हिशेबाने गोळीने फिट वाढायला हव्यात ना?

प्रतिसाद १
उंदरांचं कोडं आधी. चिकटणं म्हणजे बंद पाडणं, हे तुम्ही धरून चाललाय. उंदरात प्रथिनच नव्हतं. गोळी घेणाऱ्यात ते जागेवर असतं, फक्त त्याची चाल बदलते. नेमकी कशी, यावर अजून एकमत नाही.

दुसरं, ग्लुटामेट विरुद्ध गाबा असा ताळा मांडू नका. शांत पेशी विरुद्ध पेटलेली पेशी असा मांडा. पुटिका रिकामी झाली की पेशी ती परत आत ओढून घेते, आणि त्या वेळी औषध तिच्यासोबत आत शिरतं असं दिसतं. जितका मारा जास्त, तितकं औषध आत. उंदरांच्या मेंदूच्या कापांवर लागोपाठ संदेश दिले तेव्हा सुरुवातीचे जवळपास नेहमीसारखे गेले, पुढचे पुढचे मंदावत गेले. म्हणून रोजच्या कामकाजाला फारसा धक्का लागत नाही.

धागाकर्ती
पुटिकेसोबत आत शिरणं भारीच! उंदरांचं पटलं. पण पेटलेली पेशी म्हटल्यावर नवीन शंका आली: गाबा सोडणाऱ्या काही पेशी तर एरवीही फार वेगाने चालतात ना? मग त्यांच्यात औषध सगळ्यात आधी शिरायला हवं. त्या कशा वाचतात?