मदत हवी आहे: माशांच्या ९० लिटरच्या टाकीत निऑनसोबत कोणता गुरामी मासा?

टाकी ७५×३०×४० सेंमी, तळाला बारीक वाळू, स्पंज फिल्टर. पाणी २५ अंश, पीएच ६.८, जीएच (पाण्याचा कडकपणा) ६. अमोनिया-नायट्राइट शून्य, नायट्रेट १५ पीपीएम. दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदल. सध्या निऑन टेट्रा १० आणि पेपर कोरीडोरास ६. वरचा थर रिकामा आहे, तिथे एखादा उठून दिसणारा मासा हवा.

एंजल नको: मोठा झाला की निऑन गिळतो, शिवाय ४० सेंमी उंची त्याला अपुरी. टायगर बार्ब पंख कुरतडतो. मॉलीला कडक पाणी लागतं. रॅम देखणा खरा, पण त्याला २७-२८ अंश हवेत. त्या उष्णतेत निऑन आणि कोरी कायमचे ठेवणं बरं नाही.

उरले ड्वार्फ आणि हनी गुरामी. ड्वार्फमध्ये इरिडोव्हायरस या विषाणूच्या रोगाची भीती, त्यावर औषध नाही. म्हणून कल हनीकडे.

प्रश्न असे: हनीचा एकच नर ठेवावा की एक नर-दोन माद्या? बुडबुड्यांचं घरटं बांधताना नर निऑनना कितपत पळवतो? तरंगत्या वनस्पतींनी किती पृष्ठभाग झाकावा? आणि नव्या माशाचं आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे निरीक्षण पुरेल का?